दुकान बंद झाल्यावर : कुलूप, किल्ली आणि कॅमेरा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास किंवा राजकारण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. कुलपावर बोलायला उभा राहिलेला वक्ता आपल्याला क्वचितच भेटला असेल. पण आज येथे बसलेल्या मंडळींपैकी कित्येकजण आपले दुकान, पेढी, दवाखाना, गोदाम किंवा गणपतीचा कारखाना बंद करून आलेले आहेत, आणि व्याख्यान चालू असताना त्यांचे निम्मे चित्त त्या बंद दाराशीच असणार. तेव्हा त्या दाराविषयीच बोललेले बरे, असे मला वाटले.

पूर्वी बाजारपेठेची रात्र माणसे राखीत. गावगाड्यात जागल्या होता, घाटावर रामोशी होते. पेढीवर एखादा विश्वासू नोकर पथारी टाकून झोपे. दुकानाच्या माडीवर मालकाचे बिऱ्हाड असे. खाली खुट्ट झाले की वरचा माणूस खाकरे आणि खालचा चोर विचारात पडे. मुख्य म्हणजे परका माणूस अवेळी पेठेत दिसला तर तो चारचौघांच्या ध्यानात राही. आता मालक दुकानापासून दूर राहू लागला, माडीवर दुसरे गाळे झाले, आणि आपल्या रामवाडीसारख्या ठिकाणी तर एकीकडे एसटीचे स्थानक आणि दुसरीकडे मुंबई–गोवा महामार्ग. त्याचा क्रमांक पूर्वी १७ होता, आता ६६ आहे. पण क्रमांक कोणताही असो, रात्रभर त्यावरून वाहने धावतात. मध्यरात्री दोन वाजता दुकानासमोर एखादा टेंपो उभा राहिला तर त्याकडे वळून कोण पाहणार? परका माणूस हीच जेथे नित्याची गोष्ट, तेथे जुनी राखण चालत नाही.

मग आपण काय करतो? कॅमेरे घेतो. पेठेत एखादी चोरी झाली की पुढच्या पंधरवड्यात आसपासच्या दहा दुकानांवर कॅमेरे लागतात. त्यात वाईट काहीच नाही. पण कामाचा क्रम मात्र उलटा होतो. कॅमेरा हा साक्षीदार आहे. साक्षीदार घडलेले सांगतो, घडणारे अडवत नाही. साक्षीदाराची नेमणूक शेवटी करायची असते. त्याच्याआधी दारे किती, किल्ल्या कोणाकडे, रात्री आत कोण असते आणि हाक मारली तर कोण येणार, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर आली पाहिजेत. ती नसतील तर आठ कॅमेऱ्यांचे दुकान आणि एक कॅमेरा नसलेले दुकान यांत फरक एवढाच, की पहिल्याचा मालक आपली चोरी दुसऱ्या दिवशी पडद्यावर पाहू शकतो.

दारांचा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ज्या गडावरून जिल्ह्याला नाव मिळाले त्या गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत, आणि ते बंद झाले म्हणून दूध विकायला गेलेली हिरकणी वर अडकली, ही आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. घरी तान्हे मूल. पहारेकरी नियमाप्रमाणे दार उघडीना. तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. आपण या गोष्टीत आईचे काळीज पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु व्यवस्थापकाच्या नजरेने तिचा उत्तरार्ध पाहा. महाराजांनी त्या बाईचा गौरव केला, पहारेकऱ्याला नियम पाळल्याबद्दल शिक्षा केल्याचे काही कोणी सांगत नाही, आणि ज्या जागेवरून ती उतरली तेथे बुरूज बांधला. जेथून एक बाई खाली जाऊ शकते तेथून शत्रू वर येऊ शकतो, हे त्यातले मर्म. आपल्या दुकानाची अशी उणी जागा बहुधा एखादा प्रामाणिक माणूसच प्रथम शोधून काढतो. किल्ली विसरलेला नोकर मागच्या न्हाणीच्या खिडकीतून आत शिरतो, सगळे हसतात आणि गोष्ट विसरली जाते. वस्तुतः त्याच दिवशी त्या खिडकीला गज बसले पाहिजेत.

दुसरा दाखला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चा. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतिपर ग्रंथात दुर्गांचा जो विचार आहे, त्यात एकच दरवाजा असणे हा किल्ल्याचा मोठा दोष मानला आहे. दरवाजे दोन-तीन असावेत, चोरदिंड्या असाव्यात. मात्र रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्याचा आशय आहे. अडचणीत बाहेर पडायला वाट हवी आणि रोजच्या वापराला मोजकीच वाट हवी, या परस्परविरुद्ध वाटणाऱ्या दोन गरजांचा मेळ अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी घातला होता. दुकानाला लागू करायचे तर प्रथम दारे मोजा. शटर, मागचे दार, गच्चीचा जिना, पोटमाळ्याची झडप, शेजारच्या गाळ्याशी सामाईक भिंत, पंख्याचे भोक, सगळे मोजा. वर्तमानपत्रात ‘शटर उचकटून चोरी’ हे शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की त्यांचा अर्थ ध्यानात येत नाही. शटरला दोन्ही कडांना कुलपे असतात, ती मजबूत असतात. पहारीने मधला पत्रा वाकवला की कुलपांना हातही न लावता माणूस आत सरकतो. मध्यभागी जमिनीत अडकणारे तिसरे कुलूप आणि आतून एक जाळीदार दार, एवढ्याने हे काम पाच मिनिटांचे पाऊण तासाचे होते. चोराला सर्वांत मोठी भीती वेळेची असते.

आणि जमीनही मोजायची. २०१७ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईतल्या जुईनगर येथे एका बँकेच्या शेजारचा गाळा काही महिने आधी भाड्याने घेऊन चोरांनी तेथून बँकेच्या तिजोरीपर्यंत भुयार खणले, आणि शनिवार-रविवारची सुट्टी साधून तीस लॉकर फोडले. सोमवारी बँक उघडली तेव्हा पुढचे दार शाबूत होते. पुढच्या दारावर कितीही कॅमेरे असते तरी त्यांना काहीच दिसले नसते. त्या चोरांनी जे भाडे भरले, जे दुकान मांडले, ते सारे दिवसाढवळ्या. शेजारचा गाळा कोणी घेतला, तेथे माल किती येतो आणि माती का बाहेर जाते, हे विचारणारा शेजारी हा या बाबतीत कॅमेऱ्याहून उपयोगी ठरला असता.

आता किल्ल्या. येथे आपण सगळेच ढिले आहोत, असे मी थोडे धाडसाने म्हणतो. आपल्या दुकानाच्या किल्ल्या आज किती जणांकडे आहेत याचे उत्तर क्षणभर मनातल्या मनात देऊन पाहा. मालक, मुलगा, जुना नोकर. मग दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला नोकर. मग रंगकाम झाले तेव्हा रंगाऱ्याला दिलेली आणि परत आली की नाही ते न आठवणारी एक. किल्लीचा जोड पाडून देणारा माणूस कोणत्याही पेठेत पाच मिनिटांत भेटतो. यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एक वही लागते. किल्लीचा क्रमांक, घेणाऱ्याची सही, दिल्याची आणि परत आल्याची तारीख. आणि नोकर सोडून गेला की, तो कितीही भला असो, कुलूप बदलायचे. भल्या माणसाला त्याचा राग येत नाही. उलट पुढे काही झाले तर आपल्यावर बालंट येणार नाही याचे त्याला समाधान असते.

जेथे माणसे वीस-पंचवीस आहेत, तेथे मात्र कुलूप बदलत बसण्यापेक्षा विजेचे कुलूप परवडते. कार्ड दाखवून, आकडे दाबून किंवा बोटाचा ठसा देऊन ते उघडते. त्याचा खरा गुण दार उघडण्यात नाही. गेलेल्या माणसाचे कार्ड एका क्षणात रद्द करता येते, अमुक माणसाला रात्री नऊनंतर प्रवेश नाही असे ठरवता येते, आणि कोण केव्हा आले ते आपोआप लिहिले जाते, हे त्याचे गुण. आकड्यांचे कुलूप मला फारसे पसंत नाही. एक आकडा सगळ्यांना सांगितला की तो किल्लीपेक्षाही स्वस्त होतो. बोटाच्या ठशाविषयी एक स्थानिक अडचण सांगितली पाहिजे. पेण, हमरापूर, जोहे या परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत ज्यांचे हात महिनोन्‌महिने शाडूत, प्लास्टरमध्ये आणि रंगात असतात, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या वा भरलेल्या असतात, आणि यंत्र त्यांना पुष्कळदा ओळखतच नाही. तेथे कार्डच बरे. यंत्र घेण्यापूर्वी ते आपल्या माणसांच्या हातांवर चालवून पाहावे. विक्रेत्याच्या हातावर ते नेहमीच चालते.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. दार बंद केले तेव्हा आत कोण राहिले? ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या एका दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपले होते. दुकानाला बाहेरून कुलूप होते. पाचही जण गेले. रात्री आत माणूस ठेवला की राखण होते आणि बाहेरून कुलूप घातले की मालही सुरक्षित, हा हिशेब आपल्या पेठांमध्ये इतका रूढ आहे की तो क्रूर आहे असे कोणालाच वाटत नाही. कोणी दुष्टपणाने तसे करत नाही. मुलगा गावाकडून आलेला आहे, त्याला राहायला जागा नाही, दुकानात पंखा आहे, झोपेल बापडा. एवढाच त्यामागचा विचार असतो. पण आग लागल्यावर किल्ली जर चार मैलांवरच्या घरात असेल, तर त्या दुकानाचे शटर आतल्या माणसाच्या दृष्टीने भिंतच होय.

परदेशांतही हा धडा फार महाग पडला आहे. न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल नावाच्या शिवणकारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली आणि १४६ कामगार मृत्यू पावले; त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. बाहेर पडण्याच्या एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये, त्यांची झडती घेऊनच त्यांना एका दाराने सोडता यावे, म्हणून ते बंद ठेवण्याची तेथे वहिवाट होती. चोरी थांबवण्याच्या कुलपाने माणसे मारली. या घटनेनंतर तेथील अग्निसुरक्षेचे आणि कामगारांचे कायदे बदलले.

म्हणून विजेचे कुलूप घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा : वीज गेली तर हे दार उघडे पडते की बंद राहते? कुलुपे दोन्ही प्रकारची मिळतात. वीज जाताच सुटणारे आणि वीज गेली तरी धरून राहणारे. माणसांच्या ये-जा करण्याच्या दाराला पहिल्या जातीचे लावावे, आणि वीज गेली म्हणून चोराला मोकळे रान मिळू नये यासाठी त्याला बॅटरीचा आधार द्यावा. तिजोरीच्या किंवा मालाच्या खोलीला, जेथे रात्री माणूस नसतो, तेथे दुसऱ्या जातीचे चालेल. पण नियम एकच आणि त्याला अपवाद नको : बाहेरून आत येण्यासाठी कितीही परवानग्या लागोत, आतून बाहेर पडताना किल्ली, कार्ड किंवा आकडा यांपैकी काही लागता कामा नये. आतून दांडी दाबली की दार उघडले पाहिजे, अंधारात, धुरात, घाबरलेल्या माणसाच्या हातानेसुद्धा. दुकानात रात्री माणूस झोपत असेल तर आतून उघडणारे दुसरे दार असल्याशिवाय त्याला झोपू देऊ नये. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

रात्रीच्या माणसांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रियांना त्यांच्या संमतीवाचून कामाला ठेवू देत नाही, आणि संमती असली तरी त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी मालकावर टाकतो. दवाखान्यातल्या परिचारिकेला रात्री मागच्या अंधाऱ्या बोळातून बाहेर पडावे लागत असेल, तर तेथे दिवा लावणे हे कॅमेरा लावण्याच्या आधीचे काम आहे.

दारावरचा कॅमेरा ही कल्पना मुळात एका परिचारिकेचीच, हे येथे सांगायला हरकत नाही. तारेतून चित्र पाठवण्याची युक्ती १९४२ मध्ये जर्मनीत अग्निबाणांची उड्डाणे दुरून पाहण्यासाठी वापरली गेली. पण घराच्या दाराला ती जोडली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या बाईंनी. त्यांच्या आणि पतीच्या कामाच्या वेळा अवेळी असत, वस्तीत भय होते आणि पोलीस लौकर येत नसत. १९६६ मध्ये त्यांनी अर्ज केला, १९६९ मध्ये एकस्व मिळाले. दाराच्या भोकांपाशी सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, दुरून दार उघडण्याचे बटण आणि मदतीला बोलावण्याचे दुसरे बटण. पाहणे, उघडणे आणि हाक मारणे ही तिन्ही कामे त्या बाईंनी एकत्र बांधली होती. आपण आज त्यांतले फक्त पाहणे विकत घेतो.

आता त्या पाहण्याचा हिशेब. कॅमेऱ्याने ‘काहीतरी हालले’ हे दिसणे आणि ‘हा अमुक माणूस’ हे ओळखू येणे यांत फार अंतर आहे. या व्यवसायात बराच काळ वापरात असलेला संकेत असा, की अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटायला चित्रात दर मीटर रुंदीला २५० ठिपके हवेत. सर्रास मिळणाऱ्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० ठिपके असतात. भागाकार केला तर सुमारे साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फूट रुंदीपर्यंतच चेहरा ओळखू येईल. हाच कॅमेरा गच्चीवर लावून सबंध चौक दाखवला तर चौक दिसेल, गर्दी दिसेल, पण कोणाचाच चेहरा दिसणार नाही. पंधरा फुटांवर टांगलेल्या कॅमेऱ्याला तर टोप्याच दिसतात. म्हणून एक कॅमेरा दाराच्या आतल्या बाजूला, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडाच उंच, येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा असावा. दुकानात दोनच कॅमेरे परवडत असतील तर एक हा आणि दुसरा मागच्या दाराला. बाकीचे नंतर.

कोकणातला पाऊस, दमट हवा आणि किडे यांचा विचार परगावच्या विक्रेत्याकडून होत नाही. रात्री कॅमेऱ्याभोवतीच्या अदृश्य तांबड्या दिव्यांच्या उजेडात पावसाचा प्रत्येक थेंब पांढरा चमकतो आणि चित्र धुक्यासारखे होते. त्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि श्रावणात आपल्या कॅमेऱ्याला बहुधा कोळ्याचे जाळेच दिसत असते. उपाय साधा आहे : कॅमेऱ्यातले दिवे बंद करून चार-सहा फूट बाजूला वेगळा दिवा लावावा, कॅमेरा वळचणीखाली घ्यावा आणि आठवड्यातून एकदा काठीला फडके बांधून काच पुसावी.

साठवणुकीचेही गणित करूनच यंत्र घ्यावे. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला २० लक्ष बिट या वेगाने साठवले तर एका दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा लागते. आठ कॅमेरे, तीस दिवस म्हणजे सुमारे ५,१८४ गिगाबाइट. ‘महिन्याचे राहते’ असे सांगून एक हजार गिगाबाइटची तबकडी बसवणारा माणूस आपल्याला सहाच दिवसांचे विकत असतो. सातव्या दिवशी पहिल्या दिवसावर नवे चित्र चढते. बँकांना लॉकरच्या खोलीत जाण्या-येण्याचे चित्रण किमान १८० दिवस ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा आदेश आहे. दुकानदाराला इतके नको. पण दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलेला मालक परत येईपर्यंत तरी ते टिकले पाहिजे.

आणि ती पेटी ठेवायची कोठे? बहुतेक ठिकाणी ती गल्ल्याशेजारी, टेबलाखाली असते. चोर गल्ल्याबरोबर तीही उचलतो. पुराचे पाणी आले तर प्रथम तिच्यातच शिरते. २२ जुलै २०२१ च्या महाडच्या पुरात तळमजल्यांवरच्या वस्तूंचे काय झाले ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. पेटी वरच्या मजल्यावर, कुलूपबंद कपाटात असावी. वीज हा तिसरा शत्रू. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तेवढी बॅटरी कोणी ठेवू शकत नाही, ठेवू नये. पण पावसाळ्यातल्या नेहमीच्या चार-सहा तासांच्या अंधाराला पुरेल इतकी असावीच. आणि दीर्घ अंधारात काय करायचे, तर तेव्हा माणूस लागतो.

माणसावरून दिवेआगरची आठवण येणे अपरिहार्य आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावी नोव्हेंबर १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. सव्वा किलोहून अधिक सोने. गावाने तो देवळात ठेवला, त्यामुळे गावात पर्यटन वाढले, घरोघर चार पैसे आले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोर आले. देवळाच्या दोन रखवालदारांना त्यांनी ठार मारले, मुखवटा नेला आणि वितळवला. खटला चालला, २०१७ मध्ये अलिबागच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. नवा मुखवटा २०२१ च्या नोव्हेंबरात बसला. सोने पुन्हा घडवता आले. त्या दोन माणसांच्या घरी काय परत आले?

दोन रखवालदार होते, म्हणजे राखण नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. पण रात्री निर्जन ठिकाणी मौल्यवान वस्तू आणि बंदोबस्त म्हणून काठी घेतलेला माणूस, या योजनेत तो माणूस चोर आणि सोने यांच्यामधला एक अडथळा ठरतो, इतकेच. रखवालदाराचे काम लढणे नव्हे, कळवणे होय. आणि ते त्याला मालकाने तोंडाने सांगितले पाहिजे, कारण न सांगितल्यास तो इमानापायी लढतो. त्याला आतून कडी लावता येईल अशी खोली हवी, एका बोटाने वाजवता येईल अशी घंटा हवी, आणि दर तासाला त्याच्याशी बोलणारा दुसरा कोणीतरी हवा. त्याचे उत्तर आले नाही हीच धोक्याची सूचना समजावी. शटरला लोहचुंबकाची कळ बसवता येते. शटर हातभर उचलले गेले की भोंगा वाजतो आणि मालकाच्या फोनवर निरोप जातो. ही कळ कॅमेऱ्याच्या तुलनेत अगदी स्वस्त असते आणि कॅमेऱ्याआधी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पण भोंगा वाजल्यावर कोण येणार? ११२ क्रमांकावर पोलीस येतात; त्यांना यायला लागेल तेवढा वेळ लागेल. मधली पंधरा मिनिटे पेठेची आहेत. एका दुकानदाराने एकट्याने या गोष्टी करण्यापेक्षा आळीतल्या दहा-बारा जणांनी मिळून दोन प्रशिक्षित रखवालदार ठेवावेत, बोळाच्या दोन्ही तोंडांना सामाईक कॅमेरे लावावेत, भोंगा वाजला तर कोणाकोणाला फोन जाईल त्याची यादी करावी आणि त्या यादीत दुकानाजवळ राहणारी दोन घरे असावीत. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांच्या नोकरीविषयी १९८१ पासून कायदा आहे. त्यांचे वेतन, रजा आणि विमा हे दान नाही. रात्रीचे बारा तास एकाच वृद्ध माणसाकडून घेऊन तो झोपतो म्हणून तक्रार करणाऱ्यांची मला गंमत वाटते.

कॅमेऱ्याने शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावू नये, कपडे बदलण्याच्या जागी तो असू नये, आणि चित्रण होते अशी पाटी दाराशी असावी. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा ही त्याचीच वस्तू आहे, दुकानदाराची नव्हे. फोनवरून चित्र पाहता यावे म्हणून जोडलेली पेटी परक्यालाही दिसू शकते, जर तिचा परवलीचा शब्द विक्रेत्याने दिला तोच राहिला असेल. तो पहिल्याच दिवशी बदलावा. ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या कसोट्या सक्तीच्या केल्या आहेत. नवा माल घेताना ते प्रमाणपत्र मागावे.

शेवटचा मुद्दा पुराव्याचा. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण हा त्यातला मुख्य पुरावा होता, पण त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र मिळत नव्हते. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला की मूळ यंत्रच हजर केले नसेल, तर नकलेबरोबर प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात तीच तरतूद अधिक तपशिलाने आली आहे. त्यात चित्रणाचा आकडी ठसाही नोंदवावा लागतो, म्हणजे नक्कल पुढे बदलली गेली तर ते उघडकीस येते.

तेव्हा चोरी झाल्याचे सकाळी कळले तर दुकानात शिरून पसारा आवरू नये. पोलिसांना बोलवावे. चित्रणाचे यंत्र चालवू येणाऱ्या माणसाकडून आधी जुन्यावर नवे चढणे थांबवावे, मगच नक्कल काढावी, आणि ती मोबाइलने पडद्याचा फोटो घेऊन नव्हे. पडद्यावरचे घड्याळ आणि खरे घड्याळ यांत अंतर असेल तर, आणि ते बहुधा असतेच, घाईघाईने दुरुस्त करू नये. दोन्ही वेळा पंचनाम्यात शेजारीशेजारी लिहून घ्याव्यात, यंत्राचे घड्याळ किती मिनिटे पुढे वा मागे होते ते नोंदवावे, आणि मग सह्या कराव्यात.